खेळाचा भाव

'पूर्वी स्वस्ताई होती' हे वाक्य आपल्याकडे इतक्या तोंडांतून ऐकू येते, की त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. तूप स्वस्त होते, सोने स्वस्त होते, जमीन तर मातीमोल होती. हे सारे खरेच. परंतु त्या काळी मजुरी किती होती आणि पगार किती होता, हा पुढचा प्रश्न विचारला की स्वस्ताईचे गोडवे गाणारे पुष्कळदा विषय बदलतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो प्रश्न टाळता येत नाही. भाव ही तीन पायांची तिवई आहे: मोजलेला आकडा, मोजणाऱ्याची मिळकत आणि त्या बदल्यात पदरात पडणारी वस्तू. यांतला एक पाय काढून घेतला, तर वर ठेवलेला कोणताही निष्कर्ष कलंडल्यावाचून राहत नाही.

धान्याच्या आणि कापडाच्या भावांचे इतिहास याच रीतीने लिहिले गेले. आज मी ही रीत खेळाला, आणि तीही व्हिडिओ गेमला, लावून पाहणार आहे. विषय पोरकट आहे अशी शंका काही वाचकांना येईल. पण ज्या धंद्याने वयाची पन्नाशी ओलांडली, ज्याच्यावर कर बसवण्यासाठी आणि ज्याच्या एका शाखेवर बंदी घालण्यासाठी दिल्लीला कायदे करावे लागले, आणि ज्याचा खर्च आता वाण्याच्या यादीशेजारी घरखर्चाच्या वहीत जाऊन बसला आहे, त्याला पोरखेळ कसे म्हणावे?

या प्रश्नाकडे मी वळलो तो आमच्या जांबे गावामुळे. मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगाला, मारुंजी आणि नेरे यांच्या शेजारी, पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर हे गाव आहे. हिंजवडीची आयटी नगरी येथून फार दूर नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या टापूतल्या शेतांच्या कडेला उंच उंच गृहसंकुले उभी राहिली, आणि एकाच शिवारात तीन तऱ्हेचे लोक नांदू लागले. जुने शेतकरी कुटुंब, हिंजवडीला कामाला जाणारा अभियंता, आणि त्या अभियंत्याची इमारत बांधण्यासाठी आलेला, पत्र्याच्या खोलीत राहणारा मजूर. तिघांच्याही घरांत मुले आहेत आणि तिन्ही घरांतली मुले पडद्यावरचे खेळ खेळतात.

मी पडलो निवृत्त शिक्षक. त्यामुळे तिघांचीही गाऱ्हाणी माझ्या कानांवर येतात. माझ्या वयाचे एक शेतकरी म्हणाले, "मास्तर, नातवाच्या एका खेळाला पाच हजार मोजले. आपल्या वेळी विटी-दांडूला काय पडत होतं?" शेजारच्या इमारतीतल्या तरुण अभियंत्याचे मत याच्या अगदी उलट. "काका, गेम पूर्वीपेक्षा स्वस्त झालेत. हवं तर हिशेब मांडून दाखवतो." मराठवाड्यातून आलेला एक गवंडी मात्र निवांत होता. "आमच्या पोराचा गेम फुकटच हाय की, सर." एकाच वस्तूविषयी महाग, स्वस्त आणि फुकट असे तीन निवाडे एकाच गावात निघाले. तिघेही खोटे बोलत नव्हते. तेव्हा गुंता सोडवायचा तर मागे जाणे भाग आहे.

आरंभ जरा दुरून करू. खेळ विकत घेण्याची वस्तू झाला, तो काही विजेच्या पडद्याबरोबर नव्हे. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा पाहा. हातांनी रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली ही गोल पाने. दशावतारी गंजिफात एका डावाची पाने १२०. इतकी पाने हातांनी रंगवायची, म्हणजे ती चैनीचीच वस्तू. पुढे छापील पत्त्यांचे स्वस्त जोड बाजारात आले आणि गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कष्ट घेतले म्हणून ती कला टिकली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज हौशी माणसे गंजिफाचा जोड विकत घेतात आणि दिवाणखान्यात मांडून ठेवतात. त्यावर डाव मांडणारा मात्र क्वचितच भेटतो.

याच सुमाराची दुसरी कथा जपानच्या क्योतो शहरातली. तेथे १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते हातांनी बनवून विकण्याचे दुकान काढले. त्या दुकानाचे नाव निन्तेंदो. मारिओचा खेळ पुढे ज्या निन्तेंदो कंपनीने जगभर पोहोचवला, ती हीच. पत्त्यांच्या एका घराण्याचा माल संग्रहालयात गेला, तर दुसऱ्याने पडदा जिंकला. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे उपयोगी पडेल: वस्तूचा भाव आणि खेळाचा भाव हे दोन वेगळे भाव आहेत. गंजिफाची पाने महाग राहिली. पत्त्यांचा खेळ मात्र स्वस्त होऊन घरोघर गेला.

आता पडद्याकडे वळू. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ आला. दोन दांड्या आणि एक चेंडू. पेटीत पाव डॉलरचे नाणे टाकायचे आणि खेळायचे. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. त्याला शंभर येनचे नाणे लागे. त्या काळी खेळ कोणाच्या मालकीचा नसे. मालक पेटीचा धनी, आणि गिऱ्हाईक काही मिनिटांचे भाडेकरू.

आपल्याकडे ही पेटी 'व्हिडिओ पार्लर' या नावाने आली. नव्वदीच्या दशकात पुण्याच्या पेठांतून, पिंपरी-चिंचवडच्या बाजारांतून आणि जत्रांच्या तंबूंतून मी ती पार्लरे पाहिली आहेत. एक रुपयाला एक डाव, हा माझ्या ओळखीतला दर. पण खरी मौज अशी की, एकाच्या रुपयावर दहा जण खेळत. खेळणारा एक, सल्ला देणारे दोन आणि खांद्यावरून डोकावणारे सात. रुपया संपला की पुढच्याची पाळी. महागाईच्या निर्देशांकाने त्या काळच्या रुपयाचे आज आठ-नऊ रुपये होतात. आजच्या मॉलमधल्या खेळघरात एवढ्या पैशांत कोणी दारातही उभे करीत नाही. म्हणजे पेटीतला खेळ, तेवढ्यापुरता, महागच झाला म्हणायचा. आणि तेथे खांद्यावरून डोकावायलाही कोणी नसते.

घरच्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. अटारीचे घरगुती यंत्र १९७७ साली १९९ डॉलरांना निघाले. अमेरिकेतली किमान मजुरी त्या वर्षी ताशी २ डॉलर ३० सेंट होती. म्हणजे ते यंत्र घ्यायला ८६ तासांहून अधिक राबावे लागे. २०२० साली प्लेस्टेशन ५ हे यंत्र ४९९ डॉलरांना आले, तेव्हा किमान मजुरी ७ डॉलर २५ सेंट होती, आणि राबण्याचे तास भरले ६९. त्यातही ही मजुरी २००९ पासून वाढलेलीच नव्हती! १९७७ चे ते १९९ डॉलर आजच्या हिशेबाने हजारांच्या वर जातात.

खेळांचेही तेच. १९९६ साली आलेल्या निन्तेंदो ६४ या यंत्राच्या काही कॅसेट सत्तर डॉलरांपर्यंत विकल्या जात. महागाई धरली तर आजचे जवळजवळ १४० डॉलर. कॅसेटच्या पोटात चिप असे आणि ती महाग पडे. सोनीच्या प्लेस्टेशनने १९९४ मध्ये सीडी आणली. सीडी छापायला नाममात्र खर्च येतो, म्हणून खेळ चाळीस-पन्नास डॉलरांवर उतरले. २००५ च्या सुमारास ते साठावर गेले, २०२० मध्ये सत्तरावर, आणि २०२५ मध्ये निन्तेंदोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ऐंशी लावले, तेव्हा जगभर हाकाटी झाली. पण २००५ चे साठ डॉलर म्हणजे २०२० चे जवळपास ऐंशी. म्हणजे भाव दहा डॉलरांनी चढला तरी खेळ स्वस्तच झाला होता.

खेळ बनवण्याचा खर्च मात्र या काळात अनेक पटींनी वाढला. पूर्वी दोन-चार माणसांत होणाऱ्या कामाला आता शेकडो माणसे वर्षानुवर्षे लागतात. मग भाव वाढला कसा नाही? उत्तर साधे आहे: गिऱ्हाईक वाढले. छापखान्याचे जे गणित, तेच येथे. पहिली प्रत सिद्ध करायला सारा खर्च. पुढच्या प्रती जवळजवळ फुकट. २०१३ साली निघालेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या एका खेळाच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. एवढ्या डोक्यांवर वाटला गेला, की डोंगराएवढा खर्चही मुठीएवढा होतो.

येथवर आमच्या अभियंता शेजाऱ्याची बाजू भक्कम दिसते. पण हे सारे डॉलरांचे झाले. ज्याची मिळकत रुपयांत आहे, त्याला डॉलरचा हिशेब सांगून काय उपयोग? तेव्हा आता घरी यावे.

१९९१ पूर्वी परदेशी वस्तूंवर जबर जकात होती. परिणामी अटारी किंवा निन्तेंदोचे अस्सल यंत्र म्हणजे कोणाच्या तरी दुबईच्या काकांनी आणलेली अपूर्वाई. आपल्या मध्यमवर्गाने जे यंत्र पाहिले ते निन्तेंदोच्या नकलेचे. 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' ही नावे आज चाळिशीत असलेल्या वाचकांना आठवतील. सोबत मिळणाऱ्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे आणि आत तेच पंधरा-वीस खेळ नावे बदलून पुन:पुन्हा येत. मूळ कंपनीला यातून कवडीही मिळत नव्हती. आपली स्वस्ताई ही अशी नकलेची स्वस्ताई होती, हे 'पूर्वी स्वस्त होते' म्हणताना ध्यानात ठेवले पाहिजे.

अस्सल माल राजरोसपणे आला तो एकविसाव्या शतकात. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात आले, किंमत ३९,९९० रुपये. अमेरिकेत ते ५९९ डॉलरांना होते. त्या वेळच्या दराने पंचवीस-सव्वीस हजार रुपये. वरचे चौदा हजार जकात, कर आणि वाहतूक यांच्या पोटात गेले. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये आले, तेही ३९,९९० लाच. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आले आणि त्याच्या मोठ्या खेळांवर ४,९९९ चा शिक्का बसला. सत्तर डॉलरांचे रुपये करा, जवळपास तेवढेच होतात. म्हणजे खेळाच्या बाबतीत हिंजवडी आणि न्यू यॉर्क यांना एकच भाव.

आता जांब्यातली तीन घरे तीन मापे घेऊन उभी करू.

पहिले माप सोन्याचे. जुन्या शेतकरी कुटुंबाची बचत सोन्यात आणि जमिनीत असते. २००७ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोने साडेनऊ हजारांच्या आसपास होते. म्हणजे प्लेस्टेशन ३ ला चार तोळ्यांहून थोडे अधिक सोने लागले असते. २०२१ च्या फेब्रुवारीत सोने सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजारांवर होते. प्लेस्टेशन ५ एका तोळ्यात आले. सोन्याच्या तागडीने यंत्र चौथ्या हिश्श्यावर उतरले. नातवाच्या खेळाला पाच हजार मोजले म्हणून हळहळणाऱ्या माझ्या मित्राने, त्याच्या घरातले सोने या काळात किती चढले, तेही मोजावे.

दुसरे माप पगाराचे. आयटी क्षेत्रात नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्याचा वार्षिक पगार तीन-साडेतीन लाखांच्या घरात जो अडकला, तो दहा-पंधरा वर्षे जवळजवळ तेथेच राहिला, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. २००७ चा नवखा अभियंता दीड महिन्याहून थोड्या अधिक पगारात यंत्र घेऊ शकत होता. २०२१ च्या नवख्याला पावणेदोन महिने लागले. फरक थोडा आहे, पण आहे तो उलट बाजूला. स्वस्ताईचा हिशेब मांडून देणारा आमचा शेजारी दहा वर्षे जुना नोकरदार आहे. त्याला खेळ स्वस्त वाटतो, कारण तो स्वतः वर चढला आहे. त्याच्या हाताखाली परवा लागलेल्या पोराला विचारले तर निराळे उत्तर येईल.

तिसरे माप मजुरीचे. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली, म्हणून तिचीच मजुरी धरू. २००९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने या योजनेत दिवसाला शंभर रुपये मजुरीची ग्वाही दिली. त्या दराने प्लेस्टेशन ३ ची मूळ किंमत म्हणजे चारशे दिवसांची मजुरी. २००७ सालची मजुरी याहूनही कमी होती. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राचा दर २४८ रुपये होता. त्या दराने प्लेस्टेशन ५ ला दोनशे दिवस पडले. अर्ध्यावर आले, हे कबूल. पण त्या कायद्यात हमी होती वर्षाला शंभर दिवसांची! म्हणजे एका कुटुंबाने दोन वर्षे हमीचे सारे काम करावे आणि पोटाला काही न खाता ते यंत्र घ्यावे. त्यातला एक खेळ हवा असेल, तर आणखी वीस दिवस खपावे. चारशेचे दोनशे झाले, याला अर्थशास्त्रात स्वस्ताई म्हणतात. पत्र्याच्या खोलीत त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

मध्यंतरी एक निराळा प्रयत्न झाला होता, त्याचीही नोंद करावी. २००९ साली सोनीने प्लेस्टेशन २ साठी हैदराबादच्या एका कंपनीने रचलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ ४९९ रुपयांना काढला. पाच दिवसांच्या मजुरीचा खेळ. त्याच वर्षीच्या 'देसी अड्डा'त तर कबड्डी आणि विटी-दांडूही होते. देशी खेळ, देशी भाव. पण ती वाट पुढे रुंद झाली नाही. संगणकावर खेळणाऱ्यांना मात्र थोडा दिलासा मिळाला: 'स्टीम' या मोठ्या दुकानाने नोव्हेंबर २०१५ पासून भारताला रुपयांत भाव लावले, आणि त्यांतले पुष्कळ भाव अमेरिकेहून कमी होते.

आपल्या पुण्यातही खेळ घडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ विकत घेतला. मोबाइलवरचा 'रिअल क्रिकेट' हा खेळ पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा. आणि २०२० साली नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने 'राजी' हा खेळ जगापुढे ठेवला: धाकट्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेल्या एका मुलीची कथा. त्यासाठी २०१७ मध्ये मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नव्हती, आणि काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीने आपली सदनिका विकली, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ग्राहक भावाची तक्रार करतो, ती रास्तच आहे; पण पलीकडच्या बाजूला असेही कोणी असते.

येथवर तिवईचे दोन पाय झाले: आकडा आणि मिळकत. तिसरा पाय, पदरात काय पडते, तो उरला. आणि माझ्या मते सारी ग्यानबाची मेख तेथेच आहे.

कॅसेटच्या काळी खेळ विकत घेतला म्हणजे तो आपला होई. मित्राला दोन दिवस उसना द्यावा, त्याच्याकडून दुसरा आणावा; कंटाळा आला की विकून टाकावा. एका आळीत पाच घरांनी पाच कॅसेट घेतल्या, की प्रत्येक मुलाला पाच खेळ मिळत. म्हणजे छापील किंमत काहीही असो, खरी किंमत तिच्या पाचव्या हिश्श्याएवढी. पुढे डिस्क आल्या, त्यांचाही जुना बाजार होता. आता खेळ तारेतून, नव्हे हवेतून, थेट यंत्रात उतरतो. तो उसना देता येत नाही, विकता येत नाही, वारसाने मुलाला ठेवता येत नाही. किंमत तीच, पण जी घेतली ती वस्तू नव्हे, वापरण्याची परवानगी. युबिसॉफ्टने २०१४ साली विकलेला 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी आपले सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी पैसे मोजले होते, त्यांच्या हाती रिकामी डिस्क राहिली. याच सुमारास कॅलिफोर्नियाने कायदा केला, की दुकानदाराने ग्राहकाला परवानगी विकताना 'खरेदी' असे म्हणायचे असेल, तर ती नुसती परवानगी आहे हे स्पष्ट सांगावे. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. कायद्याला सांगावे लागले, याचाच अर्थ ग्राहकाला ते कळत नव्हते.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या कॅसेटना आता गंजिफाची गत आली आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात पंधरा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. सील फोडले तर किंमत उतरेल, म्हणून ती प्रत कोणी खेळणार नाही. हे उदाहरण दाखवून 'बघा, खेळ किती महाग झाले' असे म्हणणारे भेटतात. ती महागाई पुराणवस्तूची आहे; खेळाचा तिच्याशी संबंध नाही.

राहिला गवंड्याचा निवाडा: फुकट. या फुकटाचाही इतिहास आहे. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनमध्ये 'स्नेक' नावाचा सापाचा खेळ आला. तो खरोखर फुकट होता. फोन घेतला की साप सोबत. त्याने पुढे कधी कोणाकडे पैसा मागितला नाही. आपल्या खेड्यांनी पडद्यावरचा खेळ प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिला तो बहुधा हाच. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले. २०१४ साली एका जीबीला सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत. २०१८ पर्यंत तो भाव बारा रुपयांच्या आसपास उतरला. त्याच वर्षी मोबाइलवर पबजी आला आणि गावोगावच्या पारांवर पोरे माना खाली घालून बसू लागली. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला.

हा खेळ उतरवून घ्यायला पैसा लागत नाही. पण आत गेल्यावर पोशाख विकत, बंदुकीचा रंग विकत, दर हंगामाचा पास विकत. आणखी पुढे पेटारे असतात: पैसे भरा, पेटारा उघडा, आत काय निघेल ते नशीब. पार्लरमधल्या रुपयाला निदान शेवट होता. रुपया संपला की खेळ संपे आणि पोरगे घरी जाई. या खेळाला शेवट नाही, म्हणून त्याच्या किमतीलाही शेवट नाही. बहुतेक मुले एक पैसाही भरत नाहीत, हे खरे. थोडी भरतात आणि त्यांच्या जिवावर धंदा चालतो. ती थोडी कोणती, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

फुकटाच्या याच दारातून आणखी एक पाहुणा आत आला: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्यावर २८ टक्के जीएसटी बसला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा पैशांच्या खेळांवर बंदीच घातली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ मात्र वेगळे काढले. कायदा करावा लागला, कारण घरे बुडत होती. आमच्याच भागात एका तरुणाने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम अशा खेळात घालवली. त्या घराची ओळख पटेल असे काही मी येथे लिहीत नाही. पण ते घर पाच हजारांच्या खेळावर खर्च करणारे नव्हते, एवढे सांगतो. ते 'फुकट'वाल्यांपैकीच होते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर काय? व्हिडिओ गेम महाग झाले का? आकड्याने पाहिले तर झाले. मिळकतीने पाहिले तर अमेरिकेत निश्चित स्वस्त झाले. आपल्याकडे ज्याच्याजवळ सोने होते त्याला फार स्वस्त, नवख्या पगारदाराला होते तेवढेच किंवा किंचित महाग, आणि मजुराला अर्ध्या किमतीत, तरीही आवाक्याबाहेर. पण वस्तूचा विचार केला की चित्र पालटते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो ठरलेला भाव मोजतो आणि पुरा खेळ घेतो. फार तर त्याची मालकी कच्ची असते. ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्या वाट्याला भाव न ठरलेला खेळ येतो. दुकानात शिरण्यापूर्वी किंमत कळणे, हा बाजारातला गरिबाचा पहिला हक्क. नेमका तोच त्याच्या हातून गेला. व्हिडिओ गेमच्या पन्नास वर्षांत झालेली खरी महागाई मला ही वाटते, आणि ती कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

यावर उपाय सुचवण्याचा अधिकार इतिहासाच्या मास्तराला कितपत आहे, कोण जाणे. तरी एक विचार मांडतो. पुस्तके महाग होती तेव्हा आपल्या पूर्वजांनी गावोगाव वाचनालये काढली. एक प्रत शंभर हातांतून फिरवली. आळीतल्या पाच कॅसेटचे गणितही तेच होते. जांब्यासारख्या गावात शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली, एक टीव्ही, एक जुने यंत्र आणि आठ-दहा डिस्क, एवढ्यावर तिन्ही घरांतली मुले पाळीपाळीने एकत्र खेळू शकतील. डिस्क आहेत तोवरच हे शक्य आहे. उद्या त्याही बंद झाल्या, तर उसने द्यायला काही उरणार नाही. मी हा विषय त्या तिघांपुढे काढला आहे. शेतकरी मित्र म्हणतात, खोलीचे बघू. अभियंता म्हणतो, माझे जुने प्लेस्टेशन ४ पडून आहे. गवंडी म्हणाला, "वायरिंग अन् गिलावा मी करून देतो, सर, पण पोरगं तिथं कितीला पडंल, ते आधी सांगा." त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला ठरलेला आकडा सांगता यावा, एवढ्यासाठी आम्ही सध्या हिशेब मांडीत आहोत.